ड्रायसूट आणि बीसीचा होज एकमेकांना चालावा म्हणून: बडोद्याच्या वर्कशॉपमधल्या नोंदी

२१ डिसेंबर

कामाला डायव्हिंगचे दोन संच घेतले आहेत. पहिला जोडसिलिंडरचा: मॅनिफोल्डवर (दोन सिलिंडर जोडणाऱ्या नळीवर) दोन फर्स्ट स्टेज (सिलिंडरचा दाब उतरवणारे रेग्युलेटरचे भाग), पाठीवर विंग (पाठीमागे बसणारी बीसी, म्हणजे तरंगणं सांभाळणारी हवेची पिशवी), छातीवर इनलेट व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) असलेला ड्रायसूट (पाणी आत न येऊ देणारा पोशाख). दुसरा एका सिलिंडरचा: जॅकेट बीसी आणि तसाच ड्रायसूट. बडोद्यात ड्रायसूट लागतो तो थंडीपेक्षा घाणीसाठी. विहिरी, टाक्या, तलाव यांतल्या पाण्याला अंग लागू द्यायचं नसतं.

दोन्ही सूटच्या व्हॉल्व्हला सीईजेएन २२१ पद्धतीचं (हा झटपट जोडणीचा एक प्रकार) निपल आहे; निपल म्हणजे ज्यावर होजच्या टोकाचा कपलर बसतो तो तुकडा. विंगच्या इन्फ्लेटरला (फुगवायच्या यंत्राला) नेहमीचं बीसी निपल आहे. म्हणजे एका डायव्हरच्या अंगावर फुगवणीचे दोन होज, पण एकाची जोडणी दुसऱ्याला बसत नाही.

प्रकल्पाचं उद्दिष्ट असं: सूटचा होज पाण्याखाली निकामी झाला तर बीसीचा होज काढून सूटला लावता आला पाहिजे. उलट दिशेची गरज फार कमी. बीसी तोंडानं फुगवता येते, सूट तोंडानं फुगवता येत नाही, आणि पुढचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवर तोलायचा आहे. पृष्ठभागावर १ बार, १० मीटरवर २ बार. सूटमध्ये हवा घातली नाही तर तिथं पोचेपर्यंत आतली हवा निम्मी होते. सूट अंगाला आवळतो, घड्या कातडीत रुततात, हात वर जाईनासे होतात. खोलीच्या मानानं हा सगळ्यात मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो, म्हणून "आपण उथळच जातो" हे कारण इथं चालत नाही.

२४ डिसेंबर

जोडण्यांची ओळख. होजचं टोक उजेडात धरून आत बघितलं. बीसीच्या कपलरमध्ये मधोमध श्रेडर कोअरची (टायरच्या व्हॉल्व्हमध्ये असते तशा छोट्या झडपेची) पिन दिसते. निपल आत गेलं की त्याचं तोंड ही पिन दाबतं आणि हवा सुरू होते. कॉलर (कपलरवरची सरकती कडी) मागे ओढली की छर्रे सैल होतात, सोडली की निपलच्या खाचेत बसतात. सीईजेएनमध्ये पिन नाही. झडप कपलरच्या अंगातच आहे, हवेच्या वाटेत कोअर येत नाही, म्हणून ती जास्त हवा सोडते. दोन्ही बाहेरून छर्ऱ्यांच्याच जोडण्या असल्यानं घाईत एकसारख्या वाटतात. हातमोजे घालून, गढूळ पाण्यात, नुसत्या स्पर्शानं तर फरक कळतच नाही.

फर्स्ट स्टेजकडची बाजूही पाहिली. फुगवणीचे चारही होज ३/८-२४ (व्यास इंचात, मग इंचाला किती आटे) आट्यांचे, कमी दाबाच्या पोर्टचे (होज लावायच्या भोकाचे). जास्त दाबाचा पोर्ट ७/१६-२० चा असतो, त्यामुळे आजच्या फर्स्ट स्टेजवर चूक होत नाही. खूप जुन्या काही फर्स्ट स्टेजवर मात्र जास्त दाबाचा पोर्टही ३/८ चाच येत असे. अशा नगावर कमी दाबाचा होज लावला तर सिलिंडरचा पूर्ण दाब त्यात जाईल आणि तो फुटेल. पोर्टजवळ कोरलेलं अक्षर वाचल्याशिवाय प्लग काढायचा नाही.

२७ डिसेंबर

पर्याय तपासले.

अडॅप्टर: सीईजेएन निपलवर चढवायचा आणि वर बीसी निपल देणारा तुकडा. लावायला सोपा, पण छातीवर पुढे येणारी लांबी वाढते, पट्ट्यात अडकतो, गळतीची एक जागा वाढते. शिवाय संकटात जो तुकडा लागणार तो आधीच लावलेला हवा. खिशातून काढून लावायचा असेल तर त्याचा उपयोग नाही. बाद.

दोन्हीकडे सीईजेएन: विंगच्या इन्फ्लेटरला ते निपल मिळवणं अवघड. आणि बटण अडकलं तर जास्त हवा सोडणारी जोडणी विंगही तितक्याच वेगानं फुगवणार. बाद.

होजचं टोक बदलून घेणं: मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हायड्रॉलिक होज क्रिंप करून (टोक दाबून बसवून) देणारी दुकानं आहेत, हातोहात काम होतं. तरी हे करू नये. हायड्रॉलिक होजचं रबर तेलासाठी असतं, श्वासाच्या हवेसाठी नाही. क्रिंपच्या डाय तेलानं माखलेल्या असतात. डायव्हिंग होजचा फेरूल (टोकावर दाबून बसवायची धातूची कडी) त्या होजच्या भिंतीच्या जाडीला जुळवलेला असतो, आणि एकदा दाबलेला फेरूल पुन्हा वापरता येत नाही. क्रिंप अर्धवट धरला तर टेबलावर टिकतो, पाण्याखाली झटक्यानं निसटतो. होज बदलायचा तर कंपनीचा तयार होज घ्यायचा.

निर्णय: सूटच्या व्हॉल्व्हवर बीसी निपल बसवायचं आणि सूटसाठी बीसी कपलरचा होज घ्यायचा. बऱ्याच इनलेट व्हॉल्व्हवर निपल हा वेगळा, आट्यांनी बसणारा भाग असतो आणि उत्पादक दोन्ही प्रकारची निपल सुट्या भागांत विकतात. आपले दोन्ही व्हॉल्व्ह त्याच प्रकारचे आहेत. निपल आणि अंग एकसंध असेल तिथं अख्खा व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

२ जानेवारी

दुसऱ्या संचात अडचण निघाली. जॅकेटवर इन्फ्लेटर आणि पर्यायी सेकंड स्टेज (तोंडात धरून श्वास घ्यायचा भाग) एकत्र असलेलं यंत्र आहे, स्क्युबाप्रोच्या एअर-टू जातीचं. याचा कपलर मोठ्या व्यासाचा असतो, कारण त्यातून माणसाला श्वास घ्यायचा असतो. सूटच्या निपलवर तो बसत नाही. त्याला लहान अडॅप्टर लावायचा विचारही करू नये: पुढेमागे कुणीतरी तोच अडॅप्टर उलटा वापरून बारीक होजवर ते यंत्र चालवेल, आणि हवा संपलेल्या साथीदाराला खोलवर पुरेसा श्वास मिळणार नाही.

उपाय सरळ आहे: एकत्र यंत्र काढून साधा पॉवर इन्फ्लेटर आणि वेगळा ऑक्टोपस (साथीदारासाठीची जादा सेकंड स्टेज). यामुळे एक कमी दाबाचा पोर्ट जास्त लागतो. आता फर्स्ट स्टेजवरून मुख्य सेकंड स्टेज, ऑक्टोपस, बीसी आणि सूट असे चार होज निघतील. पोर्ट चार आहेत, जमतं. काही फर्स्ट स्टेजवर एक पोर्ट १/२-२० चा असतो, तिथं होजचं टोक नुसतं फिरत राहील. त्याला कंपनीचा रिड्यूसर (माप बदलणारा जोड) लागतो.

५ जानेवारी

निपल बदललं. क्रम असा ठेवला:

१. व्हॉल्व्ह सूटवरून काढला. आतली चकती एका हातानं धरून बाहेरचं अंग फिरवायचं. चकती मोकळी फिरली तर सूटचं कापड पिळवटतं.
२. व्हॉल्व्ह टेबलावर मऊ जबड्याच्या व्हाइसमध्ये हलकेच धरला. प्लॅस्टिकचं अंग आवळलं की लंबवर्तुळ होतं आणि बटण अडकायला लागतं.
३. जुनं निपल बरोबर मापाच्या पान्यानं सोडवलं. पकडीनं नाही, पकडीचा ओरखडा निपलच्या गळ्यावर पडला तर कपलरमधली ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) प्रत्येक जोडणीला तासली जाते.
४. आटे कोरड्या नायलॉन ब्रशनं साफ केले. नवी ओ-रिंग, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा चमक येईल एवढाच थर.
५. निपल हातानं शेवटपर्यंत फिरवलं, मग पान्यानं टेकवलं.

टेफ्लॉन टेप वापरायची नाही. इथं गळती थांबवण्याचं काम ओ-रिंग करते, आटे नाहीत. टेपचा तुटलेला धागा व्हॉल्व्हच्या सीटखाली गेला तर सूट सतत थोडा थोडा फुगत राहतो आणि कारण शोधायला सगळं उघडावं लागतं.

व्हॉल्व्ह उघडाच होता म्हणून बटणाची स्प्रिंगही बघितली. एका व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगभोवती बारीक गाळ होता. गढूळ पाण्यातल्या सूटचं बटण अडकतं ते याच गाळानं. मीठ हे समुद्रातलं कारण. कोमट पाण्यात भिजवून, बटण दाबत दाबत धुतलं.

होज फर्स्ट स्टेजवर लावताना पाना ९/१६ इंच. पोर्टची ओ-रिंग ०११ मापाची. हातानं पूर्ण बसवून वर ४.५ न्यूटन-मीटर. जास्त आवळून गळती थांबत नसते. गळत असेल तर ओ-रिंग चिमटली आहे.

८ जानेवारी

हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस. "बीसी निपल" म्हटलं तरी दोन उत्पादकांची निपल केसभर वेगळी असू शकतात, आणि कपलरमधला कोअर किती आत बसवला आहे हेही होजप्रमाणे बदलतं. म्हणून कपलर खटकन बसला म्हणजे जोडणी झाली असं धरायचं नाही. प्रत्येक होज प्रत्येक निपलवर लावून बघायचा. एका संचात दोन होज आणि दोन निपल, म्हणजे चार जोड्या. सुटा होज धरला तर सहा.

प्रत्येक जोडीसाठी तपासण्या: जोडताना कॉलर पूर्ण पुढे येते का. जोडल्यावर ओढून, पिळून, आडवं वाकवून सुटते का. बटण दाबलं की हवा भरभर येते का. साबणाच्या पाण्यात जोडणीपाशी बुडबुडे दिसतात का. काढल्यावर कपलरच्या तोंडातून गळतं का.

दोषाची जागा बुडबुड्यांवरून कळते. जोडलेलं असताना गळतं आणि काढल्यावर थांबतं: कपलरमधली ओ-रिंग झिजली आहे किंवा निपलवर ओरखडा आहे. काढल्यावर गळतं आणि जोडल्यावर थांबतं: श्रेडर कोअर सैल किंवा त्याचं सील गेलं आहे. कपलर बसतो पण हवा रडतखडत येते: कोअर फार खोल आहे, निपल पिन पुरती दाबत नाही. कपलर बसवायला फार जोर लागतो: कोअर वर आला आहे किंवा कॉलरखाली गाळ आहे.

सुट्या होजची विंगच्या निपलशी जोडी तिसऱ्या प्रकारात निघाली, हवा मंद. कोअर काढण्याच्या किल्लीनं कोअर थोडा वर घेतला तर हवा वाढली, पण काढल्यावर कपलर गळायला लागला. म्हणजे त्या कोअरला दोन्ही निपल सांभाळण्याइतकी जागाच नाही. नवा कोअर मागवायचा, होज उत्पादकाच्या संचातलाच. गाडीच्या टायरचा कोअर दिसायला तसाच असतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तो लावू नये. पिनची लांबी, स्प्रिंगचा ताण आणि सीलचं रबर या तिन्ही गोष्टी होजसाठी ठरवलेल्या असतात.

या बदलाचा एक जास्तीचा फायदा: मधला दाब (फर्स्ट स्टेजमधून होजमध्ये येणारा) मोजायच्या गेजला बहुतेक वेळा बीसी निपलच असतं. आता सूटच्या होजवरही ते लागतं, त्यामुळे दोन्ही फर्स्ट स्टेजचा मधला दाब काहीही न सोडवता बघता येतो. दोन्ही ९.५ बारवर लावल्या आहेत. सेकंड स्टेजचं पर्ज (हवा सोडायचं) बटण दाबून सोडल्यावर काटा लगेच थांबला पाहिजे. थांबून मग हळूहळू चढत असेल तर फर्स्ट स्टेजची सीट गेली आहे आणि होजचं काम बाजूला ठेवून आधी ती बदलायची.

१२ जानेवारी

लांबी. कपलर जुळले तरी बीसीचा होज छातीच्या व्हॉल्व्हपर्यंत पोचत नसेल तर सगळं काम वाया. पाठपट्टी आणि विंगबरोबर बीसीचा होज सहसा ५६ सेंटीमीटरचा असतो. आपल्या जोडसिलिंडरच्या संचात तो उजव्या पोस्टवरून (सिलिंडरच्या उजव्या व्हॉल्व्हवरून) निघून मानेमागून डाव्या खांद्यावर येतो. सूट, आतले कपडे आणि पट्टे घालून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोजलं. कपलर व्हॉल्व्हच्या आधी संपतो. ७० सेंटीमीटरचा होज आरामात पोचतो आणि मान वळवायला जागा उरते. त्याहून लांब घेतला तर खांद्यावर फुगा होऊन उभा राहतो आणि कशातही अडकतो. माप पोस्टवरून नव्हे, अंगावरूनच घ्यायचं. जाड आतले कपडे आणि रुंद छाती यांनी गणित बदलतं.

सूटचा होज डाव्या पोस्टवरून, डाव्या काखेखालून, पट्ट्याच्या आतून छातीवर. पोस्टची ही विभागणी मुद्दाम आहे. छताला घासून डावा नॉब बंद होऊ शकतो. विंग उजवीकडे असेल तर डावं पोस्ट बंद झालं तरी विंग फुगवता येते. आणि डावं पोस्ट बंद पडून सूट उपाशी राहिला तर उजवीकडचा होज त्याला लावता येतो. एका फर्स्ट स्टेजच्या संचात हा लाभ मिळत नाही. तिथं अदलाबदल फक्त होज, कोअर किंवा कपलर बिघडला तर कामाची.

बीसीचा होज इन्फ्लेटरच्या जाड नळीला प्लॅस्टिकच्या टायनं बांधलेला होता. कापून टाकला. टाय असेल तर होज सूटपर्यंत जाणारच नाही. त्याऐवजी बंजीचे (लवचीक दोरीचे) दोन सैल फास, एका ओढीत होज बाहेर येईल असे.

वेणीच्या आवरणाचे होज हलके आणि लवचीक म्हणून मोहात पाडतात. त्यांतल्या पॉलियुरेथेनच्या अस्तराचे स्फटिक होऊन हवेची वाट अडल्याचे प्रकार डॅननं (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग सुरक्षेच्या संस्थेनं) नोंदवले आहेत, आणि उष्णता त्याला मदत करते. मे महिन्यात बडोद्यात पत्र्याच्या छपराखाली काय तापमान होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून चारही होज साध्या रबराचे, आणि साठवण आतल्या खोलीत. रबराच्या होजची पारख फेरूलजवळच्या रबरी टोपीखाली होते. टोपी मागे सरकवून वाकवल्याशिवाय तडा दिसत नाही.

१६ जानेवारी

उत्तरायण आणि वासी उत्तरायण संपून बाजार उघडला, कोअरचं पार्सल आलं. नवा कोअर बसवला: किल्लीनं टेकेपर्यंत, वर आणखी थोडासा. जास्त आवळला की सील चेपतं आणि पुढच्या वेळी गळतं. सहाही जोड्या पुन्हा तपासल्या, सगळ्या बरोबर.

१९ जानेवारी

प्रवाहाची चाचणी. सीईजेएन काढल्यावर सूटला हवा कमी पडेल का, हा रास्त प्रश्न आहे. हिशोब: सूटमध्ये पृष्ठभागावर ८ लिटर हवा धरली तर तेवढाच आकार राखायला दर १० मीटरला पृष्ठभागाच्या मापानं आणखी ८ लिटर लागते. मिनिटाला १८ मीटर इतक्या वेगानं उतरलं तरी गरज मिनिटाला साधारण १४.५ लिटर.

मोजायची पद्धत: १० लिटरचा पाण्याचा कॅन भरून टबात उलटा धरायचा, व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला नळी लावून तिचं तोंड कॅनखाली, बटण पूर्ण दाबायचं. मिनिटाला १५ लिटर म्हणजे कॅन ४० सेकंदांत रिकामा झाला पाहिजे. सगळ्या जोड्या त्याच्या कितीतरी आधी कॅन रिकामा करतात. सीईजेएनपेक्षा हवा हळू येते हे खरं, पण सूटच्या बाबतीत तो गुण आहे: बटण अडकलं तर कॉलर शोधून होज काढायला जास्त वेळ मिळतो.

तो प्रसंग अदलाबदलीत मोडत नाही हेही इथं लिहून ठेवतो. बटण अडकून सूट फुगत असेल तर होज काढायचा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडणारी झडप) उघडून तो सर्वांत उंच राहील असं शरीर धरायचं. दुसरा होज त्याच अडकलेल्या व्हॉल्व्हला लावायचा नाही. दोष होजमध्ये असेल तरच बदली.

२३ जानेवारी

जलतरण तलावात सराव. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि आजवा सरोवरातही, त्यामुळे सरावाला बाहेरचं पाणी घेतलंच नाही. उथळ बाजूला १.५ मीटर, साथीदार समोर, जाड हातमोजे घालून.

क्रम ठरला: साथीदाराला खूण, आणि त्याच्याशी हाताची पकड. बीसीत आधीच पुरेशी हवा, कारण थोड्या वेळात तिचा होज नसणार. सूटचा बिघडलेला होज काढून काखेखाली सोडून द्यायचा. बीसीचा होज बंजीतून ओढायचा, कॉलर मागे घेऊन काढायचा, छातीवर आणायचा, निपलवर सरळ दाबायचा. मग ओढून बघायचं. बटणाला एक छोटा दाब. पुढे बीसीत हवा लागली तर तोंडानं.

अडतं ते निपलवर दाबताना. पिन जवळजवळ ९.५ बारच्या विरुद्ध आत ढकलायची असते आणि छातीवर मागून आधार नाही. सूट आत दबतो, व्हॉल्व्ह पळतो. दुसऱ्या हाताची दोन बोटं व्हॉल्व्हच्या कडेला मागून अडकवली की बसतो. कॉलर लहान आणि गुळगुळीत असेल तर हातमोज्यात घसरते. रुंद खाचांच्या कॉलरचे कपलर असलेले होजच ठेवले. व्हॉल्व्ह आपल्या अंगाभोवती फिरतो, म्हणून निपलचं तोंड डावीकडे वळवून सुरुवात करायची.

हा सराव उथळ पाण्यात बिनचूक होईपर्यंत खोलवर करायचा नाही. होज काढलेला असताना बीसीत हवा घालायचा एकच मार्ग उरतो तो तोंडाचा.

२८ जानेवारी

वायूंचे नियम चिठ्ठीवर लिहून संचांना बांधले. अदलाबदल शक्य झाली की चुकीची अदलाबदलही शक्य होते.

सूटसाठी वेगळी आर्गॉनची (ऊब राखायला सूटमध्ये भरायच्या वायूची) बाटली असेल तर तिचा होज बीसीला कधीही लावायचा नाही. बीसीच्या पिशवीतून श्वास घ्यायची वेळ आली तर आत प्राणवायू नसेल, आणि बेशुद्धी कुठलीही सूचना न देता येते. आर्गॉनच्या होजवर म्हणून सीईजेएनच राहू द्यायचा. तिथं न बसणं हेच संरक्षण आहे. त्या बाटलीच्या फर्स्ट स्टेजवर दाब सोडणारा व्हॉल्व्ह हवाच, कारण जास्तीचा दाब सोडायला तिथं सेकंड स्टेज नसते आणि सीट गळली तर होज फुटतो.

पाठीवर ट्रायमिक्स (प्राणवायू, नायट्रोजन आणि हेलियमचं मिश्रण) असेल तर बीसीचा होज सूटला लावता येतो, पण हेलियम हवेच्या जवळजवळ सहापट उष्णता वाहून नेतो. ती बदली वर येण्यासाठी. काम चालू ठेवण्यासाठी नाही. ४० टक्क्यांवर प्राणवायू असलेल्या मिश्रणाला सिलिकॉन ग्रीस चालत नाही, क्रिस्टोलूबसारखं प्राणवायूला चालणारं ग्रीस लागतं.

सुट्या पेटीत, दोन संचांना मिळून: बीसी कपलरचा ७० सेंटीमीटरचा होज १, श्रेडर कोअर ४, कोअरची किल्ली १, ०११ ओ-रिंग १०, कपलरच्या ओ-रिंग ४, ३/८ चे पोर्ट प्लग २, ९/१६ चा पाना १, बीसी निपलचं दाबाचं गेज १.

गढूळ पाण्यातून आल्यावर कपलर गोड्या पाण्यात बुडवून कॉलर पुढेमागे करायची, पण होज दाबाखाली असतानाच; दाब नसताना पाणी कोअरमधून आत शिरतं. दुसऱ्या संचातल्या जॅकेटचा ७० चा होज अजून यायचा आहे; तोवर त्या संचावर "अदलाबदल नाही" अशी लाल पट्टी आहे.